मोटरहोममधील एसीसाठी लिथियम बॅटरी: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनीबस घेऊन तिचे मोटरहोम करून घेणाऱ्या कुटुंबांकडून एसी आणि बॅटरीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. भुसावळ-जळगाव पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जाणे नित्याचे आहे. त्यामुळे थंड प्रदेशांसाठी केलेले हिशेब येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि खालील आकडे आपला उन्हाळा समोर ठेवूनच मांडले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एक विषय दुसऱ्यात गुंततो तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर गाडीतला एसी रात्रभर चालतो का?

चालतो. मात्र त्यासाठी एसी इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या कॉम्प्रेसरचा, असावा लागतो, गाडीच्या छताला व भिंतींना उष्णतारोधक थर द्यावा लागतो आणि बॅटरी सुमारे सहा ते सात युनिट साठवणारी असावी लागते. येथे युनिट म्हणजे महावितरणच्या बिलातले युनिट, अर्थात १००० वॅट-तास. गाडीचा मूळ एसी इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे तो या हिशेबात येत नाही. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे हा पर्याय तर कधीही निवडू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच प्राण जातो.

२. लिथियम बॅटरीत प्रकार असतात असे ऐकले. नेमकी कोणती घ्यावी?

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे बाजारात ज्याला एलएफपी म्हणतात ती. तिच्या एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.२ असतो, चार सेलचा पॅक १२.८ व्होल्टचा, आठांचा २५.६ व्होल्टचा आणि सोळांचा ५१.२ व्होल्टचा होतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारातील म्हणजे एनएमसी बॅटरी तेवढ्याच वजनात अधिक वीज साठवते, पण उष्णतेने बिघडून स्वतःच तापत जाण्याची क्रिया तिच्यात कमी तापमानाला सुरू होते आणि अधिक उग्र असते. ज्या पेटीवर घरातली माणसे झोपणार आहेत आणि जी मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत राहणार आहे, तिच्यासाठी दहा-पंधरा किलो वजन वाचवण्याच्या मोहाने एनएमसी निवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

३. घरी इन्व्हर्टरला १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी आहे. तशाच दोन-तीन गाडीत टाकल्या तर?

ट्यूब्युलर बॅटरीवरचा १५० हा आकडा वीस तासांत सावकाश वीज काढली तर मिळणारा आहे. एसीसारखा जड भार जोडला की प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपासच वीज हाती येते, आणि वारंवार खोलवर रिकामी केल्याने ती लवकर खराबही होते. शिवाय आम्लासह एकेका बॅटरीचे वजन ५० किलोंच्या पुढे जाते, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि घाटरस्त्यावर आम्ल सांडण्याचा धोका राहतो. त्यामानाने १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची एलएफपी बॅटरी साधारण ११ ते १३ किलोंची असते आणि तिच्यातील १२८० वॅट-तासांपैकी ८० ते ९० टक्के वीज निर्धास्तपणे वापरता येते.

४. मला किती अँपिअर-तासांची बॅटरी लागेल?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि त्याचे उत्तर अँपिअर-तासांत देण्याआधी वॅट-तासांत द्यावे लागते. व्होल्टेज सांगितल्याशिवाय अँपिअर-तासांच्या आकड्याला अर्थ नसतो: २०० अँपिअर-तासांची बॅटरी १२.८ व्होल्टची असेल तर तिच्यात २५६० वॅट-तास मावतात आणि २५.६ व्होल्टची असेल तर ५१२०.

चार माणसांची, उष्णतारोधक थर दिलेली ट्रॅव्हलर, एक टनाचा इन्व्हर्टर एसी, २६ अंशांवर लावलेला, मे महिन्यातील जळगावची रात्र, वेळ दहा ते सकाळी सहा, असे एक उदाहरण घेऊ. पहिला तासभर एसी ९०० ते १००० वॅट खेचतो, कारण दिवसभर तापलेला पत्रा, गाद्या आणि फर्निचर यांतली उष्णता बाहेर काढायची असते. त्यानंतर तो ३०० ते ५०० वॅटवर येतो. संपूर्ण रात्रीची सरासरी ५०० वॅट धरली तर आठ तासांचे ४००० वॅट-तास होतात. बॅटरीची वीज २३० व्होल्टमध्ये बदलताना सुमारे दहा टक्के घट होते, म्हणून बॅटरीतून ४४५० वॅट-तास निघतात. पंखा, दिवे, छोटा फ्रिज आणि पाण्याचा पंप यांचे ६०० धरले की बेरीज ५०५० होते. तळाचा १५ टक्के भाग राखीव ठेवायचा असेल तर एकूण क्षमता सुमारे ५९५० वॅट-तास हवी.

बाजारात सहज मिळणाऱ्या २८० अँपिअर-तासांच्या आठ सेलचा २५.६ व्होल्टचा पॅक ७१६८ वॅट-तासांचा असतो आणि या गाडीला तो योग्य ठरतो. हजारभर वॅट-तास जास्त का घ्यायचे, असे काही जण विचारतात. कालांतराने बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येते. तेव्हाही या पॅकमध्ये सुमारे ५७०० वॅट-तास उरतात आणि राखीव भाग किंचित कमी करून तीच रात्र निभावते. नेमकी गरजेपुरती बॅटरी घेतली तर ज्या वर्षी ती जुनी होईल, त्या वर्षीच्या मेमध्ये पहाटे चार वाजता एसी बंद पडेल.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपला एसी बसवून झाल्यावर, बॅटरी घेण्याआधी, घरच्या सॉकेटवर वीज मोजणारे छोटे मीटर लावून एक रात्र गाडीतच काढावी आणि सकाळी युनिटांचा आकडा लिहून घ्यावा. एसीवरच्या स्टिकरवरील वॅटचा आकडा बाहेर ३५ अंश तापमान धरून काढलेला असतो. बाहेर ४४ अंश असताना तोच एसी अधिक वीज खातो आणि थंडावा मात्र कमी देतो.

५. रात्रीचे ठीक आहे. भर दुपारी गाडी उभी करून एसी लावायचा असेल तर किती बॅटरी वाढवावी?

बॅटरी वाढवण्याआधी ऊन अडवावे. उन्हात उभ्या, थर न दिलेल्या गाडीत एक टनाचा एसी जवळपास अखंड १००० वॅटवर चालतो, म्हणजे वीज बदलण्यातली घट धरून दुपारी पाच तासांत ५५०० वॅट-तास संपतात आणि रात्रीसाठी काही उरत नाही. छताला ३० ते ४० मिलिमीटरचा फोमचा थर, बाहेरून पांढरा रंग, काचांना परावर्तक पडदे आणि पुढच्या मोठ्या काचेवर बाहेरून झाकण, एवढे केल्यावर एसीचा भार ठळकपणे उतरतो. या सर्वांचा खर्च एका जादा बॅटरीपेक्षा कमी असतो, आणि हा फायदा गाडी असेपर्यंत टिकतो. गाडी लावताना पुढची काच उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन थेट आत येत नाही.

६. घरगुती स्प्लिट एसी, छतावरचा कॅरॅव्हॅन एसी आणि ट्रकचा २४ व्होल्टचा एसी, यांतला कोणता बॅटरीला सोसवतो?

वीजवापर पाहता इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असलेला घरगुती स्प्लिट एसी सर्वांत किफायतशीर आहे. त्याची अडचण यांत्रिक आहे: बाहेरचे युनिट आणि तांब्याच्या नळ्यांचे सांधे धक्क्यांसाठी बनवलेले नसतात, त्यामुळे रबरी बुशवर बसवणे आणि नळीला वेटोळे देऊन लवचीकपणा ठेवणे आवश्यक असते. साध्या कॉम्प्रेसरचे छतावरचे १३५०० बीटीयूचे (बीटीयू हे एसीच्या थंडाव्याचे माप) युनिट १३०० ते १५०० वॅट घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका देते (प्रश्न ९ पाहा).

ट्रकसाठी मिळणारे २४ व्होल्टचे एसी थेट बॅटरीवर चालतात, त्यामुळे वीज बदलण्यातली घट वाचते. मात्र त्यांच्या क्षमतेचे दावे तपासून घ्यावेत. एसी जेवढी वीज घेतो त्याच्या साधारण तिप्पट उष्णता तो बाहेर काढू शकतो. त्यामुळे ७०० वॅट घेणारे युनिट सुमारे २१०० वॅट, म्हणजे ७००० बीटीयूंच्या आसपास थंडावा देईल. त्याच युनिटवर १२००० बीटीयू छापलेले असेल तर तो आकडा बाजूला ठेवून वॅटच पाहावेत. चालकाच्या केबिनला हे एसी पुरतात, पूर्ण ट्रॅव्हलरला मेमध्ये एक पुरत नाही.

तापमान २६ किंवा २७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. भारतात स्टार लेबलच्या घरगुती एसींचे मूळ तापमान जानेवारी २०२० पासून २४ अंशांवर लावलेले येते, ते प्रत्येक वेळी वाढवावे लागते की नाही हे पाहून घ्यावे.

७. बॅटरी १२ व्होल्टची घ्यावी, २४ ची की ४८ ची?

एसी चालवायचा असेल तर २४ किंवा ४८. एसी १२०० वॅटवर असताना, वीज बदलण्यातली घट धरून, १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १०५ अँपिअर, २४ मधून ५२ आणि ४८ मधून २६ अँपिअर वाहतात. तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे करंट निम्मा केला की त्याच तारेत वाया जाणारी वीज एक चतुर्थांश होते. ट्रॅव्हलरसारख्या गाडीची स्वतःची वायरिंग १२ व्होल्टची असते आणि मोठ्या बसची २४ ची, पण राहण्याच्या भागातली बॅटरी त्यापासून वेगळी असल्यामुळे हे बंधन मानण्याचे कारण नाही. दिवे व पंपासाठी २४ वरून १२ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर लावावा. केवळ पंखा, फ्रिज आणि दिवे चालवणाऱ्यांनी खुशाल १२ व्होल्टवर राहावे.

८. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही एसी लावल्यावर दहा मिनिटांत सगळे बंद होते. असे का?

बहुधा बॅटरीतील बीएमएस वीज तोडत आहे. बीएमएस म्हणजे सेलचे रक्षण करणारे इलेक्ट्रॉनिक मंडळ. बॅटरीत वीज किती आहे आणि ती एका वेळी किती देऊ शकते, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. १०० अँपिअरचा बीएमएस असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १०५ अँपिअरचा भार टाकला तर तो काही वेळ सोसेल आणि मग तोडेल. बंद पेटीत बीएमएस तापलेला असेल तर त्याहून आधी तोडेल. म्हणून सर्वांत मोठ्या सलग भाराच्या किमान सव्वा ते दीडपट क्षमतेचा बीएमएस मागावा आणि विक्रेत्याने सांगितलेला आकडा सलग देण्याचा आहे की काही सेकंदांचा, हे लेखी घ्यावे. बीएमएस योग्य असूनही असे होत असेल तर सैल लग (तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड), बारीक तार (प्रश्न १०) किंवा एखादा कमजोर सेल (प्रश्न १५) शोधावा.

९. इन्व्हर्टर किती वॅटचा आणि कोणता लागतो?

इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीची वीज २३० व्होल्टमध्ये बदलणारे यंत्र. इन्व्हर्टर एसीसाठी शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा, २००० ते ३००० वॅटचा पुरतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो. साध्या कॉम्प्रेसरचा एसी सुरू होण्याच्या क्षणी चालू करंटच्या चार ते सहा पट मागतो. ५ अँपिअरचा एसी २५-३० अँपिअर, म्हणजे जवळपास सहा किलोवॅटचा क्षणिक झटका देतो. तेथे सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा झटका कमी करणारे उपकरण, लावणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, मोठा इन्व्हर्टर घेणे नव्हे. गरजेपेक्षा फार मोठा इन्व्हर्टर काही न चालवताही ३०-५० वॅट खात बसतो, आणि २४ तासांत ते सुमारे एक युनिट होते.

घरगुती इन्व्हर्टर वापरायचा असल्यास त्यात लिथियमची स्वतंत्र सेटिंग आहे का, ते पाहावे. ट्यूब्युलर सेटिंगमध्ये अधूनमधून होणारे उच्च व्होल्टेजचे चार्जिंग एलएफपीला चालत नाही, १२.८ व्होल्टच्या पॅकला १४.६ ही कमाल मर्यादा आहे आणि १४.२ ते १४.४ वर थांबलेले उत्तम.

१०. तार आणि फ्यूज किती जाडीचे घ्यावेत? वायरमन म्हणतो की घरची एमसीबी चालेल.

घरची एमसीबी चालणार नाही. ती घरातल्या, दिशा बदलत राहणाऱ्या विजेसाठी (हिलाही एसी म्हणतात) बनवलेली असते, जी सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते आणि ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेत ती ठिणगी टिकून राहते आणि एमसीबी जळते. एलएफपी बॅटरी शॉर्ट झाल्यास क्षणात हजारो अँपिअर देऊ शकते, म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितक्या जवळ टी-वर्गाचा किंवा तेवढाच करंट तोडू शकणारा डीसी फ्यूज हवा. काचेचा किंवा मोटारीच्या म्युझिक सिस्टिमचा स्वस्त फ्यूज नको.

तारेचा हिशेब असा. इन्व्हर्टर बॅटरीपासून तीन मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटर तार होते. १२ व्होल्टवर १०५ अँपिअरला ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार वापरली तरी सुमारे ०.३ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के, वाटेतच पडतात. २४ व्होल्टवर १६ चौरस मिलिमीटरची तारही याहून कमी टक्के घट देते. इन्व्हर्टर एक मीटरवर आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लग हातोडीने ठोकून बसवू नये. हायड्रॉलिक क्रिम्पिंग, म्हणजे यंत्राने दाबून घट्ट करणे, करून घ्यावे, कारण गरम होणारे सांधे बहुतेक वेळा येथेच सापडतात.

११. बॅटरी गाडीत कुठे बसवावी? आमच्याकडच्या उन्हात ती खराब होईल का?

खानदेशात बॅटरीचे आयुष्य ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट तिचे तापमान आहे, आणि निवड करताना याच गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. माहितीपत्रकावर छापलेली २००० ते ६००० चक्रे (एकदा भरून रिकामी होणे म्हणजे एक चक्र) प्रयोगशाळेत २५ अंशांना मोजलेली असतात. बॅटरीच्या आतली जुनी होण्याची रासायनिक क्रिया तापमान दर दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत ५५ ते ६० अंश सहज होतात, आणि अनेक एलएफपी सेलची चार्जिंगसाठीची शिफारस ४५ अंशांपर्यंतचीच असते. त्यामुळे दुपारी सौर पॅनेल वीज देत असताना बीएमएस चार्जिंग बंद करतो आणि मालकाला वाटते की पॅनेल बिघडले.

बॅटरी गाडीच्या मध्यभागी, जमिनीलगत, आसनाखाली किंवा पलंगाखाली बसवावी, जेथे एसीची हवा फिरते. पेटीला खालून व वरून जाळी द्यावी आणि आत ३५ अंशांना सुरू होणारा छोटा पंखा लावावा. इंजिनाजवळ, सायलेन्सरच्या वर, छतालगतच्या कपाटात किंवा उन्हाने तापणाऱ्या बाहेरच्या पत्र्याला टेकवून ती कधीही बसवू नये. गाडीखाली चासीला टांगायची असल्यास धूळ-पाण्यापासून बंदिस्त पेटी हवी, आणि डांबरी रस्त्याची उष्णता खालून येते हे ध्यानात ठेवावे. पेटी चासीला बोल्टने जखडावी. पन्नास-साठ किलोंची सुटी वस्तू जोराचा ब्रेक लागल्यावर प्राणघातक ठरते.

खरेदी करताना माहितीपत्रकातील चार्जिंगचे आणि वीज देण्याचे कमाल तापमान वेगवेगळे पाहावे. एकच आकडा दिलेला असेल तर दुसरा लेखी मागावा. सेलवर तापमानाचे सेन्सर किती आणि कुठे आहेत, हेही विचारावे. फक्त बीएमएसच्या मंडळावर सेन्सर असेल तर सेल तापल्याचे त्याला उशिरा कळते.

१२. छतावरच्या सौर पॅनेलवर एसी भागेल का?

अंशतः. खानदेशात ऊन मुबलक आहे. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प त्याच भरवशावर उभा आहे. पण गाडीच्या छतावर जागा नसते. १००० वॅटच्या पॅनेलना सुमारे पाच चौरस मीटर लागतात आणि एसी, हवेची खिडकी व कॅरिअर यांतून बहुतेक छतांवर ६०० ते ८०० वॅटच बसतात. पॅनेल आडवे असते, त्यावर धूळ बसते आणि ते ६५-७० अंशांपर्यंत तापल्याने २५ अंशांच्या वरच्या दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. हे सर्व धरून मेमध्ये दिवसाला अडीच ते तीन युनिट मिळतील, म्हणजे प्रश्न ४ मधल्या रात्रीच्या अर्ध्याहून थोडे अधिक.

येथे एक पेच उभा राहतो: पॅनेलसाठी गाडी उन्हात हवी आणि एसीसाठी सावलीत. गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावावी आणि दहा मीटर तारेवर उन्हात मांडता येणारी एक-दोन सुटी पॅनेले सोबत ठेवावीत, असे आम्ही सुचवतो.

१३. चालत्या गाडीच्या आल्टरनेटरवर लिथियम बॅटरी थेट चार्ज करता येते का?

थेट नको. एलएफपीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्यामुळे ती आल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, जेवढा मिळेल तेवढा करंट ओढते आणि आल्टरनेटर तापून जळू शकतो. चार्जिंग चालू असताना बीएमएसने अचानक तोडले तर उसळलेला व्होल्टेज गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही इजा करतो. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा. १२ व्होल्टचा ३० अँपिअरचा चार्जर सुमारे ४२० वॅट देतो. जळगाव ते धुळे हे सुमारे ९० किलोमीटर अंतर दोन तासांत कापले तर ०.८ युनिट जमा होते. ज्या नव्या गाड्यांत आल्टरनेटरचा व्होल्टेज संगणक कमीजास्त करतो, तेथे तर या चार्जरशिवाय बॅटरी पूर्ण भरतच नाही.

१४. धाब्यावर किंवा नातेवाइकांकडे साध्या सॉकेटवर चार्ज करायचे असेल तर?

२५.६ व्होल्टचा ३० अँपिअरचा चार्जर भिंतीतून ९५० वॅटच्या आसपास घेतो आणि सात युनिटांची रिकामी बॅटरी साधारण नऊ ते दहा तासांत भरतो. तो चांगल्या स्थितीतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवरही चालतो, पण १६ अँपिअरचे सॉकेट मिळाल्यास तेच वापरावे. चार्जिंगसोबत त्याच तारेवर एसी लावू नये. खेड्यांत संध्याकाळी व्होल्टेज खूप उतरतो, म्हणून १६०-१७० व्होल्टपासून काम करणारा चार्जर घ्यावा. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनची सर्व तार उलगडावी, अन्यथा ती आतल्या आत तापते.

१५. स्थानिक कारागीर सेल आणून कमी किमतीत पॅक जुळवून देतो. घ्यावा का?

कारागीर जाणता असेल तर हरकत नाही, आणि दुरुस्तीसाठी माणूस जवळ असण्याचा लाभ मोठा आहे. मात्र पैसे देण्याआधी काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात: सर्व सेल एकाच बनावटीचे व एकाच खेपेचे आहेत, त्यांच्यावरचे क्यूआर कोड खरवडलेले नाहीत, कोणताही सेल फुगलेला नाही आणि सेल घट्ट चौकटीत दाबून बसवले आहेत.

खरी परीक्षा क्षमतेची. पॅक पूर्ण भरून त्यावर ठरावीक भार लावावा आणि शंट असलेल्या, म्हणजे तारेतून जाणारा करंट मोजणाऱ्या, मीटरने किती वॅट-तास निघतात ते मोजावे. ७१६८ वॅट-तासांच्या पॅकमधून ६८००-७००० निघाले तर सेल चांगले. ५५०० वर बीएमएसने तोडले तर सेल वापरलेले किंवा दुय्यम प्रतीचे आहेत, मग पावतीवर काहीही लिहिलेले असो. याच चाचणीत शेवटच्या टप्प्यात प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोबाइलच्या ॲपवर पाहावा. जो सेल इतरांच्या खूप आधी कोसळतो तोच पुढे रात्रीचा एसी बंद पाडणार असतो. ही चाचणी करू देण्यास जो नकार देतो, त्याच्याकडून पॅक घेऊ नये.

१६. ई-रिक्षाचा जुना लिथियम पॅक स्वस्तात मिळतो आहे. चालेल?

५१.२ व्होल्टचा एलएफपी पॅक ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर चालू शकतो. ६० व्होल्टचा चालत नाही, कारण पूर्ण भरल्यावर तो बहुतेक इन्व्हर्टरच्या मर्यादेपलीकडे जातो. जुन्या पॅकची क्षमता प्रश्न १५ प्रमाणे मोजल्याशिवाय व्यवहार करू नये. पॅक एनएमसीचा निघाला तर प्रश्न २ मधील मत येथेही लागू आहे.

१७. आहे त्या बॅटरीला वर्षभराने दुसरी समांतर जोडता येईल का?

एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि वयात फार अंतर नसलेल्या बॅटऱ्या जोडता येतात. जोडण्याआधी दोन्ही पूर्ण भरून व्होल्टेज सारखे करावे, आणि भाराची धन तार एका बॅटरीवरून व ऋण तार दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे दोन्हींवर भार समान राहतो. एका बॅटरीच्या बीएमएसने तोडले तर सगळा भार दुसरीवर येतो, म्हणून प्रत्येकीचा बीएमएस एकटा भार पेलणारा असल्यास बरे. लिथियम आणि ट्यूब्युलर समांतर जोडू नयेत.

१८. मीटर ६० टक्के दाखवते आणि अचानक बॅटरी संपते. मीटर खराब आहे का?

ते मीटर व्होल्टेजवरून टक्केवारी काढत असावे. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, १३.० ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान अर्धी बॅटरी रिकामी होऊन जाते. शंटद्वारे आत-बाहेर जाणारी वीज मोजणारे मीटर बसवावे आणि महिन्यातून किमान एकदा बॅटरी पूर्ण भरू द्यावी. त्याने मीटर पुन्हा १०० वर जुळते आणि बीएमएसला सेल समान पातळीवर आणायला वेळ मिळतो.

१९. बॅटरी शून्य व्होल्ट दाखवते आणि चार्जरही तिला ओळखत नाही. ती मेली का?

बहुतेक वेळा नाही. व्होल्टेज फार उतरल्यावर बीएमएसने बाहेरची जोडणी तोडलेली असते आणि चार्जरला बॅटरी दिसत नाही. लिथियमला जागे करण्याची सोय असलेला चार्जर किंवा सौर कंट्रोलर जोडल्यास ती पुन्हा सुरू होते. मात्र कित्येक महिने त्याच अवस्थेत पडून राहिली असेल आणि आतले सेल २ व्होल्टच्या खाली गेले असतील, तर ती जबरदस्तीने चार्ज करू नये.

२०. दिवाळीनंतर गाडी तीन-चार महिने उभी राहते. बॅटरी कशी ठेवावी?

निम्म्याच्या आसपास भरून, इन्व्हर्टरसह सर्व भार मुख्य स्विचने तोडून, सावलीत. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत ठेवणे सर्वांत वाईट. थंडीची चिंता खानदेशाच्या सपाटीवर करावी लागत नाही. शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज करू नये हा नियम येथे क्वचितच आड येतो. सातपुड्याच्या माथ्यावर, तोरणमाळ परिसरात, कडाक्याच्या थंडीत पहाटे मुक्काम असेल तर ऊन वर आल्यावर चार्जिंग सुरू करावे. हिमाचल किंवा काश्मीरला जाणाऱ्यांनी कमी तापमानात चार्जिंग आपोआप रोखणारा बीएमएस घ्यावाच.

२१. मुक्ताईच्या पालखीसोबत घरातल्या वृद्धांसाठी गाडी न्यायची आहे. महिनाभर वीज कशी पुरवावी?

ही वाट मोठी आणि पावसाच्या तोंडावरची आहे. ढगाळ दिवसांत पॅनेल नेहमीच्या निम्म्याहूनही कमी देते, आणि पालखीच्या गतीने चालणाऱ्या गाडीचा आल्टरनेटरही मंदच भरतो. म्हणून या प्रवासात मुक्कामाच्या गावी सॉकेट मिळवणे हाच मुख्य आधार मानावा (प्रश्न १४) आणि एसी रात्री वृद्धांच्या झोपेपुरता तीन-चार तास चालवण्याचे ठरवावे. पाऊस सुरू झाल्यावर तापमान उतरते, पण हवेत ओल वाढते. तेव्हा एसी ड्राय मोडवर कमी विजेत पुष्कळ आराम देतो.

२२. एसी न घेता कूलरवर भागणार नाही का?

एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा येथे इतकी कोरडी असते की खिडकी किंचित उघडी ठेवून लावलेला ५० ते १०० वॅटचा कूलर उत्तम काम करतो, आणि त्याला १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी पुरते. ज्यांचा प्रवास फक्त उन्हाळ्यात आणि खानदेश-विदर्भातच होतो, त्यांनी हा पर्याय गांभीर्याने तपासावा. तापी काठची पावसाळी ओल, कोकण आणि गुजरातचा किनारा येथे मात्र कूलर निरुपयोगी ठरतो.

२३. बॅटरीने पेट घेतला तर काय करावे?

आधी माणसे बाहेर काढावीत आणि दूर जावे. बाकी सर्व नंतर. एलएफपी सहसा ज्वाळेने पेटत नाही, पण बिघडलेला सेल विषारी आणि ज्वालाग्राही वायू सोडतो, आणि बंद गाडीत तोच मोठा धोका आहे. कोरड्या पावडरचे अग्निशामक यंत्र वायरिंगची किंवा पडद्याची आग विझवते, मात्र सेल थंड करत नाही. सेल थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि ते काम अग्निशमन दलाचे आहे. धूर-संवेदक आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावावा. बॅटरीचा मुख्य स्विच बाहेरून हात पोहोचेल असा असावा.

२४. आरटीओ आणि विम्याचे काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. पाठीमागची आसने काढून पलंग, एसी आणि बॅटरी बसवण्याआधी एमएच-१८, १९, ३९ किंवा जे आपले आरटीओ कार्यालय असेल तेथे आराखडा दाखवावा. विमा कंपनीला बॅटरी व वायरिंगची माहिती बिलासह लेखी द्यावी. बॅटरीच्या वॉरंटीचा कागदही नीट वाचावा: घरगुती किंवा सौर वापरासाठी विकल्या जाणाऱ्या पॅकच्या वॉरंटीतून वाहनातील वापर वगळलेला असू शकतो. तसे असल्यास वाहनातील वापर मान्य असल्याचे विक्रेत्याकडून बिलावरच लिहून घ्यावे.